पंधराव्या दिवसापासूनचे आकडे

सुखदेवकाका, फळा आज पुसला. मीच पुसला.

इतके दिवस कोणी त्याला हात लावला नव्हता. बुद्धविहाराच्या भिंतीवरचा तो काळा चौकोन, त्यावर तुमचं ठसठशीत अक्षर. डावीकडे वार, मधे काय खाल्लं ते, उजवीकडे रक्तातल्या साखरेचा आकडा. शेवटची ओळ मंगळवारची होती : 'सकाळी पोहे. अंदाजे १४०. आज खामगाव.' येणारेजाणारे थांबायचे, ती ओळ वाचायचे आणि तुम्ही संध्याकाळच्या बसनं परत येणारच आहात अशा चेहऱ्यानं पुढं जायचे. पण रविवारी तुमच्या आदरांजलीचं पुण्यानुमोदन आहे, आणि वस्तीतल्या प्रत्येक कार्यक्रमाची सूचना त्याच फळ्यावर लागते. ती लिहिणारे तुम्हीच. आता बरं अक्षर कुणाचं, यावर थोडी बोलाचाली झाली आणि खडू माझ्या हातात आला.

पुसण्याआधी काकूंना एक गोष्ट सांगितली. खरं तर ती तुम्हाला सांगायची होती आणि तुम्ही असताना सांगायची होती. तुमच्यासाठी साखर मोजणारे सेन्सर तीन महिने फुकट येणार होते, काका. तुम्हाला न विचारता मी त्यांना नाही म्हणून टाकलं.

एरवी मी अशा वाक्यानंतर लगेच कारणं दिली असती. आज दमले आहे.

आपल्या दोन घरांची भिंत एक. तुम्ही खामगावच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. पुढे संगणक आल्यावर प्रुफं तपासायला लागलात. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून दोनदा जळगाव जामोदहून बसनं तिकडे जायचे, कारण 'नवीन पोट्ट्यायले ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाही.' छपाईत बिघडलेल्या पत्रकांचे गठ्ठे तुम्ही घरी आणायचे. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. 'निषेध' हा शब्द मला 'आंबा'च्या आधी लिहिता आला. रेशनचं पत्रक, नळाचं पत्रक, वसतिगृहाचं पत्रक : माझं बालपण याच क्रमानं गेलं.

पत्रक लिहायचे तुमचे नियम दोनच होते. मागणी एकच ठेवायची. आणि खाली नाव टाकायचं. मी कॉलेजात असताना एकदा घाबरून निनावी पत्रक लिहून आणलं, तर तुम्ही ते वाचलंही नाही.

"काऊन वं, नाव कुठं हाये?"

"काका, नाव टाकलं तर काढून टाकतील मला."

"मंग लिहू नको. बिननावाचं पत्रक म्हणजे अंधारातून मारलेला गोटा. लागला त लागला, पण मारला कोनं?"

तुम्ही साखरेशीही असेच वागलात. लपवली नाही. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचायचे ते ओसरीवर, सगळ्यांसमोर. फक्त मोजायचे कमी. साखर मोजायच्या पट्ट्यांचा डबा तुमच्या पत्र्याच्या पेटीत कुलपात असायचा. एक थेंब, एक पट्टी, एक आकडा. मग ती पट्टी फेकायची, याचं तुम्हाला फार वाईट वाटायचं. दर सोमवारी एकदा मोजायचं आणि त्या आकड्यावर आठवडा काढायचा. आकडा बरा आला की पुढचे सहा दिवसही बरेच जाणार, असं तुम्ही ठरवूनच टाकायचे.

गेल्या हिवाळ्यात मी तुमच्यासोबत खामगावच्या डॉक्टरांकडे आले होते. किडनी थोडी दमली आहे, इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं, साखर एकदम खाली जाण्याची भीती आहे, असं ते म्हणाले. दंडावर चिकटवायच्या सेन्सरबद्दल मी पहिल्यांदा तिथंच ऐकलं. रुपयाएवढी चकती, तिच्या आत केसासारखी तार. चौदा दिवस, दिवसरात्र, फोन जवळ नेला की आकडा. साखर खाली जायला लागली की फोन ओरडतो. दोन आठवड्यांनी ती काढायची आणि दुसरी लावायची.

"कायम लावता आला तर उत्तम," डॉक्टर म्हणाले. "नाही तर दोन-तीन महिन्यांतून एक लावा, त्यावरून डोस बसवू. तेही जमलं नाही तर पट्ट्या. पण मग आठवड्याला एक नाही चालणार. रोज दोन-तीन वेळा. आणि बसमध्ये चढण्याआधी एक, हे तर नक्कीच."

बाहेर आल्यावर औषधाच्या दुकानात किंमत विचारली. एका सेन्सरच्या किमतीत पट्ट्यांचे चार डबे आले असते. तुम्ही दुकानदाराला म्हणालात, "चौदा दिवसात मरते हे? माह्या लग्नातलं घड्याळ अजून चालू राह्यलं, बापा." दुकानदार हसला. मला हसू आलं नाही. परतीच्या बसमध्ये मी संतापून बोलत होते. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आणि औषध किती घ्यायचं ते सांगणारी वस्तू विकत, हा कुठला न्याय? गाडी द्यायची आणि डोळ्यांवर पट्टी बांधायची? तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "हे शेवटचं वाक्य चांगलं हाये. लिहून ठेव."

मी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पगार कधी येतो ते तुम्हाला माहीत होतं, म्हणून मी सेन्सर आणला तेव्हा तुम्ही रागावलात. माझ्या पहिल्या पुस्तिकेचं मानधन होतं ते. त्या पुस्तिकेचं प्रूफ तुम्हीच वाचलं होतं, तेव्हा निम्मं तुमचंच, असं म्हटल्यावर तुम्ही बाही वर केली.

मग कळलं की तुमच्या बटणांच्या फोनला ती चकती वाचताच येत नाही. म्हणजे सेन्सर घ्यायचा तर चांगला फोनही घ्यायचा. किमतीच्या चिठ्ठीवर हे कुठंच लिहिलेलं नसतं. शेवटी चौदा दिवस माझा फोन तुमच्याकडे आणि तुमचा माझ्याकडे, फक्त सिम बदलली. कॉलेजात पोरी हसायच्या, मॅडम, हे कुठून आणलं? मला ते आवडत होतं. त्यागाचा एक फुकटचा तोरा असतो, काका.

आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही ते केलं जे जगात दुसरं कोणी केलं नसतं. विहारात वंदना झाल्यावर खडू घेतला आणि स्वतःची साखर फळ्यावर लिहिली.

"एवढी महाग वस्तू," तुम्ही म्हणालात, "एकट्याच्या दंडावर कशी राहू द्यायची? वस्तीत साखरवाले किती हायेत! भाकरीनं काय होते, पोह्यानं काय होते, सगळ्यायले कळू दे."

तुम्ही छापखान्याचे माणूस. एक प्रत निघाली की हजार निघाल्या पाहिजेत, हे तुमच्या हाडात होतं. लोक सकाळी फळ्यापुढं जमायला लागले. ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी, इतके. भात, इतके. चहात साखर नाही पण सोबत चार बिस्किटं, बापरे इतके! लोकांच्या फर्माइशी यायला लागल्या. काका, उद्या केळं खाऊन पाहा. काका, जिलबी. काकू दारातून ओरडायच्या, "त्या माणसाले काय प्रयोगशाळा समजता का बे!" तरी तुम्ही जिलबी खाल्लीच. अर्धी. तो आकडा तुम्ही दोनदा अधोरेखित केला होता.

मग ऑटोवाले शेषराव आले. त्यांनी दोन दिवस गोळी घेतली नव्हती.

"तुमची साखर एकशे तीस लिहिली ना काका. लग्नात आपण एकाच पंगतीत बसलो. जेवण एकच. मंग माही बी एकशे तीसच की!"

"अबे येड्या, पंगत एक होती, पोटं त दोन होती ना!"

सगळे हसले. तुम्ही हसलात, पण त्यांना गोळी घ्यायला लावूनच घरी पाठवलंत आणि दुपारी फळ्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंत : 'ही साखर फक्त सुखदेवची. ज्याची त्यानं मोजावी.'

दुसऱ्या दिवशी त्याखाली कोपऱ्यात बारीक, कच्च्या अक्षरात कोणीतरी एक शब्द लिहिला होता : 'कशानं?'

नाव नव्हतं. तुम्ही बिननावाच्या माणसावर दिवसभर चिडचिड केलीत. पण तो शब्द पुसला नाहीत.

मोजायची तर कशानं? त्या शब्दावरूनच आपलं पत्रक सुरू झालं आणि त्या शब्दावरच अडलं. मी लिहिलं, इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला सेन्सर मिळाला पाहिजे. तुम्ही लाल शाईनं 'सेन्सर' खोडून 'पट्ट्या' केलं. मी परत सेन्सर केलं. तुम्ही परत पट्ट्या.

"काका, मोठं मागितल्याशिवाय लहान मिळत नाही."

"मोठं मागशील त साहेब हसून सोडून देईन. पट्टी माग. पट्टीले नाही म्हणाले त्यायले लाज वाटली पाहिजे."

"गरिबानं कायम स्वस्तातलंच मागायचं का?"

"गरिबानं आज संध्याकाळी लागणारं मागायचं."

मी कागद आपटून निघून गेले. ते पत्रक छापलं गेलं नाही. तो कागद माझ्याकडेच आहे, लाल आणि निळ्या खाडाखोडीनं भरलेला.

सेन्सर लावल्याच्या सातव्या दिवसाचं मला नीट आठवतं, कारण तुम्हाला घाबरलेलं मी तेव्हाच पाहिलं. खामगावहून परतताना, नांदुऱ्याच्या पुढं, बसमध्ये फोन ओरडला. आकडा साठच्याही खाली. तुम्ही खडीसाखर खाल्लीत, ठीक झालात, पण घरी येऊन चपलाही न काढता ओसरीवर टेकलात.

"पहिले हात कापायचे वं," तुम्ही म्हणालात. "घाम यायचा, डोयापुढं अंधारी यायची. मंग समजायचं की खाली चालली. आज काहीच नाही वाटलं. फोन बोंबलला म्हणून समजलं, नाही त मी मजेत खिडकीतून पाहून राह्यलो होतो."

अंगानं सांगणं बंद केलं होतं. डॉक्टरांनी सकाळचा डोस कमी केला आणि बसचं पुन्हा बजावलं.

आता तेरावा दिवस.

फळ्याचा फोटो कोणीतरी खामगावच्या औषध दुकानात दाखवला होता आणि तिथून तो सेन्सर कंपनीच्या विक्री करणाऱ्या माणसाकडे पोचला. सेन्सर घेताना नंबर माझा दिला होता. फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभी होते. हातात तुमचाच बटणांचा फोन होता, काका.

तो माणूस सभ्य होता. मला तो उद्धट असायला हवा होता. म्हणाला, "मॅडम, काकांचं काम फार सुंदर आहे. आम्ही त्यांना तीन महिन्यांचे सेन्सर देऊ. वाचायचं यंत्रही देऊ, फोन लागणार नाही. फक्त फळ्याजवळ त्यांचा एक फोटो आणि वर आमचा छोटा फलक."

मी म्हणाले, "आमचा फळा विकायला ठेवलेला नाही."

"एकदा काकांना विचारून तर पाहा."

"विचारायची गरज नाही."

हे तीन शब्द. त्या दिवशी ते बोलून मी वर्गात गेले आणि फार छान शिकवलं. माझ्या अंगात वीज होती. संध्याकाळी तुम्ही ओसरीवर होतात, मी समोर बसून चहा प्यायले, तुम्हाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी चकती काढून दिली. दंडावर गोल वळ राहिला होता, तो तुम्ही अंगठ्यानं चोळत विचारलंत, "संपलं?" मी म्हणाले, "पुढं बघू, काका." आपापली सिमं घेऊन आपण फोन बदलले.

पंधराव्या दिवशी सकाळी फळ्यावर आकडा होता. मी विचारलं, मोजलीत? म्हणालात, "आता काय मोजायचं? चवदा दिवस पाह्यलं ना. पोह्याले किती, भाकरीले किती, समजलं मले." आणि प्रत्येक आकड्याआधी प्रामाणिकपणे 'अंदाजे' लिहायला लागलात. मी त्यावर भांडायला हवं होतं. मी कशावरही भांडते. तेव्हा भांडले नाही, कारण भांडले असते तर तुम्ही म्हणाला असतात, मग आण दुसरा सेन्सर. आणि मला त्या फोनबद्दल सांगावं लागलं असतं.

दोन महिने अंदाजे गेले.

त्या मंगळवारी तुम्ही सकाळचं इन्सुलिन घेऊन निघालात. छापखान्यात प्रूफ जास्त होतं, डबा तसाच राहिला. संध्याकाळच्या बसमध्ये खिडकीजवळ बसलात. कंडक्टर बाई नंतर घरी आल्या होत्या, काकूंचा हात धरून रडत होत्या. "नेहमीचे पॅसेंजर होते माय. नांदुऱ्याले माह्याशी बोलले. मंग डोळे लागले. बाबा कधीकधी झोपायचे, म्हणून मी नाही उठवलं. स्टँड आल्यावर हाक मारली, बाबा उतरा, जळगाव आलं." तुम्ही उतरला नाहीत.

दवाखान्यात बोटातून थेंब काढून पट्टीवर घेतला आणि क्षणात कळलं. आकडा फार खाली होता. डॉक्टर म्हणाले, हृदयही थकलेलं होतं, नेमकं कशानं ते छातीठोक सांगता येणार नाही. मला ते छातीठोक सांगता आलं असतं तर बरं झालं असतं, या बाजूनं किंवा त्या बाजूनं. तुमची पिशवी मी उघडली. डबा भरलेला. चष्मा. लाल पेन. पट्ट्यांच्या रिकाम्या डबीत खडीसाखर, काठोकाठ. साखर पिशवीत होती, काका. बातमी नव्हती. आयुष्यभर गावाला बातमी पोचवली तुम्ही, आणि तुमची तुम्हाला पोचली नाही.

तेव्हापासून मी स्वतःशी वाद घालते आहे. आजारी माणसाच्या फोटोवर आपला माल खपवणं वाईटच, हे मी अजूनही म्हणते. विहाराच्या भिंतीवर कंपनीचा फलक नको, हेही म्हणते. माणसाला आपली साखर कळावी म्हणून त्यानं जाहिरातीत उभं राहावं, असा सौदा मांडणारी व्यवस्था मला मान्य नाही. यातला एक शब्द मागे घेत नाही. पण तत्त्व माझं होतं आणि साखर तुमची होती. नकार द्यायचाच होता तर तो तुमच्या तोंडून यायला हवा होता. तुम्ही मला शाई दिलीत, मी तुमची सही परस्पर केली.

आज सकाळी बादली आणि फडकं घेऊन विहाराजवळ गेले. काकू पायरीवर बसल्या होत्या. त्यांना सगळं सांगितलं, व्हरांड्यापासून चहापर्यंत. वाटलं, ओरडतील. मला तेच हवं होतं.

त्यांनी फळ्यावरची शेवटची ओळ वाचली. मग म्हणाल्या, "हो म्हटलं असतं वं त्यानं."

मी फडकं बादलीत बुडवलं.

"फोटोची लय हौस होती त्याले. लग्नातला फोटो तीनदा काढायले लावला होता, मान वाकडी आली म्हणून." त्या किंचित हसल्या. "फोटो काढला असता, सेन्सर घेतला असता, आन् दुसऱ्या दिवशी त्यायच्याच बोर्डाखाली त्यायच्याच किमतीवर पत्रक चिकटवलं असतं. खाली नाव टाकून. तू त्याच्यासंग एवढी राह्यली, तुले एवढं नाही समजलं?"

नाही समजलं, काकू. मला दोनच गोष्टी दिसत होत्या, विकलं जाणं आणि ताठ उभं राहणं. मधून खुशाल चालत जाणारा माणूस भिंतीपलीकडे राहत होता.

"पूस आता," काकू म्हणाल्या. "चुकीचे आकडे लोकायनं किती दिवस वाचायचे?"

खालून वर पुसत गेले. अंदाजे, अंदाजे, अंदाजे. मग पोहे, भाकरी, दोनदा अधोरेखित केलेली जिलबी. कोपऱ्यातल्या 'कशानं?'वर फडकं फिरवलं नाही. त्याच्या शेजारी रविवारची सूचना लिहिली, वेळ लिहिली, तुमचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली आपलं पत्रक, एका ओळीत : सरकारी दवाखान्यातून इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला ते मोजून घेण्याइतक्या पट्ट्या मिळाल्याच पाहिजेत. मागणी एकच. तुमचीच ठेवली. सेन्सर मी सोडलेला नाही, पण आज संध्याकाळी लागणारं आधी.

तिथं खाली नाव टाकताना हात अडला नाही. इथं, छापायला द्यायच्या या पत्राखाली, अडतो आहे. छापून आलेलं वस्ती वाचेल, शेषराव वाचतील, व्हरांड्यातल्या त्या तीन शब्दांबद्दल सगळ्यांना कळेल. कळू दे. तुमच्यावर एक गोटा अंधारातून आला होता, काका. मारला कोणी, ते खाली लिहिलं आहे.

वैशाली
जळगाव जामोद